विसरखोलीतली सही

त्रिकूट पंप कारखान्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ऋजुता इंगवले विसरखोलीत जायची आणि चार तासांनी बाहेर यायची ती अगदी कोरी होऊन. कोणाच्या हृदयात दोष निघाला, कोणाचं कोर्टात घटस्फोटाचं चाललंय, आत वाचलेलं एक अक्षरही तिला आठवायचं नाही. हातात फक्त निर्णयांची यादी. अमक्याची रजा मंजूर, तमक्याची मदत नामंजूर. का, ते मात्र तिला विचारू नका! कारखान्याची मनुष्यबळ अधिकारी ती, पंधराशे माणसांची गुपितं सांभाळायची, आणि तिला स्वतःला एकही माहीत नव्हतं.

हा खटाटोप कशासाठी? संगणकांना कुलपांवर कुलपं घालून झाली, तरी माहिती फुटायचीच, आणि फुटायची ती माणसाच्या तोंडून. ऋजुताच्या आधीच्या साहेबांनी एका बारशात जेवताजेवता कोणाच्या तरी मानसोपचाराचा विषय काढला आणि त्या बिचाऱ्याचं ठरलेलं लग्न मोडलं. निर्णय यंत्रावर सोपवावा, तर कायदा आडवा येत होता. माणसाचा निर्णय माणसानंच घ्यायचा. मग डॉ. अन्वर मुजावर यांनी तोडगा काढला. वाचलेली गोष्ट मेंदूत पक्की बसायला काही तास लागतात. तेवढ्यात एका औषधाची वाफ हुंगवली, की ती बसतच नाही. आत असेपर्यंत सगळं कळतं, दाराबाहेर पाऊल टाकलं की साफ. कागदोपत्री या जागेचं नाव विस्मरणकक्ष. कामगारांनी आठवड्याभरात तिची विसरखोली केली.

पण कामगार काही कच्चे नव्हते. मंगळवारच्या चहाला झाडून सगळे मुद्दाम ऋजुतासमोरून जायचे. कोणाला बघून ती उगाच हसायची, कोणाला बघून तिच्या कपाळाला आठी पडायची. हसली त्याची बढती पक्की! याला ते ‘तोंड बघायला जाणं’ म्हणत. ऋजुताला याचा पत्ताच नव्हता. तो लागला ओतकाम विभागातला रणधीर खोत तिच्या केबिनमध्ये येऊन बसला तेव्हा.

“मॅडम, खरं सांगा. माझ्यात काय निघालंय?”

“म्हणजे?”

“तीन महिनं झालं, मला बघितलं की तुमच्या डोळ्याला पाणी येतंय. सगळी भट्टी बोलतीय. किती दिवस हायत माझं?”

ऋजुता चरकली. खरंच येत होतं पाणी, आत्तासुद्धा आलं. तिला वाटायचं, डोळ्यांचा नंबर वाढला असेल. स्वतःची फाइल बघायचा हक्क प्रत्येकाला होता, म्हणून तिनं त्याचाच अंगठा लावून ती उघडली. दोघांनी मिळून पानन् पान वाचलं. तब्येत ठणठणीत! मग तिच्या लक्षात आलं, की कुटुंबाच्या विम्याखाली रणधीरच्या बायकोची, सारिकाची, फाइल वेगळी होती आणि तिला सारिकाच्या अंगठ्याचं कुलूप होतं.

रणधीरचा चेहरा उतरला. “दर पंधरवड्याला भैनीकडं जाती म्हणती. मी म्हटलं, जाईना का...” 

ऋजुतानं बोलावलं, तसे डॉ. मुजावर दुसऱ्याच दिवशी आले.

“आठवण आणि भावना मेंदूत वेगवेगळ्या जागी मुरतात,” ते म्हणाले. “वाफेनं आठवण पुसते, भावना मागं राहते. मी तिला भावशेष म्हणतो. कशाचं वाईट वाटलं ते विसरलात, पण वाईट वाटणं उरलं.”

“हे आधी सांगायचं नाही होय?”

“एवढं कोणी तुमच्या चेहऱ्याकडं बघत असेल असं वाटलं नाही. चुकलंच माझं. पण आता दुसरी वाफ तयार आहे. फायलीतल्या माणसांबद्दलची साठलेली भावनाही ती पुसते. परत त्यांच्याबद्दल काही वाटायचंच नाही.”

“अहो, पण बायको आजारी आहे आणि नवऱ्याला कळूही नये?”

“तिनं लपवलंय ना? मग काही कारण असेल. तुमच्या तोंडानं तिचं गुपित फोडलं, बाई.”

ऋजुताला दोन्ही बाजू खऱ्याच वाटत होत्या.

“हे तुम्ही बाहेर ठरवू नका,” डॉक्टर म्हणाले. “संमतिपत्र आत ठेवतो. आतल्या तुम्हाला सगळं माहीत असतं. तिथं ठरवा.”

रणधीरला कुठूनसं कळलंच. तो धावत आला.

“तेवढं करू नका मॅडम, पाया पडतो. घरात विचारलं की ती हसून टाळती. तुमच्या तोंडावरनंच काय ते मला कळतंय. पुढच्या खेपंला जरा कमी वाईट वाटलं, तर समजायचं उतार पडलाय. त्येवढ्यावर महिना काढीन मी.”

“नाही करत सही,” ऋजुता म्हणाली. “शब्द देते तुला.” आणि ते ती अगदी मनापासून बोलली होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती विसरखोलीतून बाहेर आली तर रणधीर दाराशीच उभा. तिनं त्याच्याकडं पाहिलं. बाहीला काळी राख लागलेला एक माणूस. डोळे कोरडे, छातीत काही हललं नाही.

तिनं हातातली यादी पाहिली. शेवटची ओळ होती : ‘दुसऱ्या वाफेला संमती.’ खाली सही तिचीच, वळणदार, जराही न थरथरलेली. दिलेला शब्द आतल्या ऋजुताला पक्का आठवत होता. सारिकाची फाइल वाचून, तो शब्द मोडून तिनं सही केली होती. बातमी चांगली असती तर तिनं ती चेहऱ्यावर बाहेर येऊ दिली नसती का? ऋजुताला हे सगळं समजत होतं. या माणसाबद्दल वाईट वाटायला हवं, हेही समजत होतं. पण वाटत मात्र नव्हतं.

“काय वाटतंय मॅडम?” रणधीरनं श्वास रोखून विचारलं.

काहीतरी सांगायला हवं होतं. पण काय? आत असं काय वाचलं, की सारिकाचं हसणंच राखावंसं वाटलं? तिनं यादीची घडी घातली.

“काही नाही, रणधीर. काहीच वाटत नाही.”

“काहीच न्हाई? खरंच?” त्याचा चेहरा एकदम फुलला. “म्हंजे उतरलं म्हणा की!” त्यानं बाहीनं डोळे पुसले, तिथंच फोन काढला आणि घरी लावला. “सारिका, सैपाक करू नगंस आज. मटण घिऊन येतोय!”