दोन्ही बाजूंनी पुसलेली काच

डबा जागेवर होता. आत नुसती लाल मखमल उरली होती. हार नाही, बांगड्या नाहीत.

"ठसे मिळणं कठीण आहे, बाई," हवालदार म्हणाला. "चोर चांगलाच पोचलेला दिसतोय. काच कशी पुसलीय बघा."

फौजदारबाईंनी वाकून पाहिलं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोल्यांत हे कुटुंब राहायचं, आणि आतल्या खोलीत हे काचेच्या दारांचं कपाट होतं. वरच्या खणात घरच्या आईचा फोटो. ती गेल्याला वर्ष होत आलं होतं. फोटोमागे हा डबा. कपाटाच्या डाव्या दारावर धूळ बसली होती. उजवं दार लख्ख होतं, बाहेरून आणि आतूनही. फोटोवरची काचही तशीच. पितळी मुठीवर मात्र बोटांचे तेलकट डाग जसेच्या तसे होते.

बाईंनी स्वतःचा मळलेला चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली.

"दागिने कुणाचे?"

"माझे," लेक म्हणाली. ती कालच सासरहून आली होती. "आईने माझ्यासाठी ठेवले होते. नव्या घराचा हप्ता उद्या भरायचाय. नाही भरला तर आधीचेही पैसे बुडतात. डबा काढायला गेले, तर रिकामा. कपाटाची किल्ली गल्ल्याच्या खणात असते. आता गल्ल्यावर कोण बसतं, ते वहिनीलाच विचारा." तिचे डोळे भरून आले. तिने चष्मा काढून बाहीला पुसला.

 वहिनीचा नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता. घरात ती आणि सासरे नाना, दोघंच.

"किल्ली कुठे असते ते नानांनाही माहीत आहे, ताई."

"नाना? चहातली साखर मोजून घालणारा माणूस स्वतःच्याच घरात चोरी करेल?"

नाना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. उभा जन्म लोकांचे डोळे तपासण्यात गेला, पण आज त्यांचे स्वतःचे डोळे काही वर येत नव्हते.

वहिनीने चहाचे कप आणले. ठेवायला जागा हवी म्हणून बाईंचा चष्मा तिने काचेलाच धरून बाजूला सरकवला.

"दुकानात काचा तुम्ही पुसत नाही वाटतं?" बाईंनी हसून विचारलं.

"नाना मला हातच लावू देत नाहीत. मी गल्ला सांभाळते आणि बोलणी खाते."

बाईंनी कपाटाचा खालचा खण ओढला. आत तीन चष्मे होते, तिन्ही जवळजवळ नवे.

"हे कुणाचे?"

"हिचे," नाना फोटोकडे न बघता म्हणाले. "शेवटच्या काही महिन्यांतले. नंबर सारखा बदलत होता."

"ही सोनेरी फ्रेम तुमच्या दुकानातली दिसत नाही."

"ती मी पाठवली होती," लेक म्हणाली. "तेव्हा मला यायला जमत नव्हतं. बरीच महाग होती."

बाईंना घरची सायकल आठवली. मुलाच्या वाढदिवसाला त्या बंदोबस्तावर होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात भारी सायकल उचलली, किंमतही न विचारता. पोराचे पाय अजून पेडलला पोचत नव्हते. नवऱ्याने कपाळाला हात लावला, तेव्हा 'वाढत्या अंगाची घेतलीय' म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती.

तेवढ्यात लाँड्रीवाला आला. त्याने इस्त्रीचे कपडे ठेवले, नानांना हात जोडले आणि वहिनीने पुढे केलेले पैसे न घेताच निघून गेला.

"पैसे का नाही घेतले?"

"कोण जाणे! हल्ली घेतच नाही. बायको बिचारी दवाखान्यात, डोक्याचं ऑपरेशन झालंय, आणि हा म्हणतो राहू द्या."

"बायकोला ओळखता तुम्ही?"

"गिऱ्हाईकच आमचं. डोकं दुखतं, अंधुक दिसतं म्हणून चष्मा करायला आली होती. नानांनी चष्मा दिलाच नाही, डॉक्टरकडे पिटाळली. मला तर नवलच वाटलं."

बाईंनी हवालदाराला बाहेर नेलं, दवाखान्यात फोन लावायला सांगितलं आणि त्या परत आल्या.

"वहिनीला चौकीवर नेणार की नाही?" लेकीने विचारलं.

"नाही गं, असं उगाच कुणावर..." नाना पुटपुटले. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा बाईंचा चष्मा उचलला. काचेवर तोंडाची वाफ सोडली, खिशातला मऊ फडका काढला, आधी एक बाजू पुसली, मग दुसरी, आणि चष्मा जागच्या जागी ठेवला. त्यांचं त्यांना कळलंही नाही.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. हवालदार आत येऊन त्यांच्या कानाशी लागला. त्यांनी मान हलवली.

"ठसे लपवणारा चोर मूठ पुसतो," त्या म्हणाल्या. "या चोराने मूठ सोडली आणि काच पुसली, तीही दोन्ही बाजूंनी. त्याला ठसे लपवायचेच नव्हते. काचेवर डाग दिसला की ज्याचा हात आपसूक खिशात जातो, असा माणूस या कपाटापाशी उभा होता. वहिनी चष्मा काचेला धरतात. लेक बाहीला पुसते. राहिलं कोण?"



"लाँड्रीवाल्याच्या बायकोचं बिल एका म्हाताऱ्याने भरलं. नाव सांगितलं नाही, बिलात काय काय लावलंय तेही विचारलं नाही. जाताना तिथल्या कारकून बाईंचा चष्मा मात्र पुसून दिला. भाव न विचारता पैसा टाकणारा माणूस एकतर उधळ्या असतो, नाहीतर कसला तरी अपराध मनात घेऊन फिरत असतो. नाना, तुम्ही उधळे नाही."

"नाना?" लेक त्यांच्याकडे वळली.

"मीच घेतलं," नाना म्हणाले. "तुझी आई म्हणायची, डोकं दुखतं, अंधुक दिसतं. मी म्हटलं, नंबर वाढला असेल. घरचंच दुकान, डॉक्टरची फी कशाला घालवायची? पहिला चष्मा दिला. मग दुसरा. मग तुझ्या फ्रेममध्ये तिसरा बसवला. डोक्यात गाठ होती गं तिच्या. शेवटी नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मग ही बाई आली. तेच दुखणं, तीच तक्रार. मला तिच्या जागी तुझी आईच दिसायला लागली. माझी पुंजी टाकली, ती पुरली नाही. म्हणून दागिने विकायला डबा काढला. फोटो हातात घेऊन तिची परवानगीसुद्धा मागितली."

"परवानगी माझी मागायची होती, नाना! घर गेलं माझं!"

"सोनं घेतलं हे सांगायला जीभ उचलली असती. का घेतलं, ते सांगायला उचलत नव्हती."

"आणि मी?" वहिनी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. "कालपासून मी या घरात चोर आहे. तुम्ही सगळं ऐकत होतात आणि मी वाढलेलं मान खाली घालून जेवत होतात."

 नानांनी सुनेपुढे हात जोडले. ती तशीच वळली आणि पुढे दुकानात जाऊन बसली.

"तक्रारीचं काय करू?" बाईंनी हळूच विचारलं.

लेकीने खणातली ती सोनेरी फ्रेम उचलली.

"डोकं दुखतं असं आईने मलाही सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी गाडीत बसून यायचं, ते सोडून महागातली फ्रेम पाठवून मोकळी झाले. दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा बरंच वाटलं मला. जितकी महाग, तितकं बरं." तिने डोळे पुसले. "फाडून टाका तक्रार. वहिनीचे पाय धरायचेत मला, ती धरू देईल की नाही कुणास ठाऊक."

रडून तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती. नानांचा हात सवयीने पुढे झाला आणि मध्येच थांबला. लेकीने क्षणभर त्या हाताकडे बघितलं, मग चष्मा काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

नानांनी फडका काढला. एक बाजू पुसली, दुसरी पुसली, चष्मा उजेडात धरून पाहिला.

"डोकं दुखतं का गं कधी?"

"नाही, नाना."

"दुखलं तर मला सांगत बसू नकोस," ते म्हणाले. "सरळ डॉक्टरकडे जा."