सोफ्याचं दुसरं टोक

"अहो, पाय..."

"माझा की सोफ्याचा?"

त्या दोघांची ओळख झाली ती अशी, मिट्ट काळोखात. पहिली एकांकिका संपून रंगमंचावरचे दिवे गेले होते आणि पुढच्या नाटकाचा दिवाणखाना झटपट मांडायचा होता. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि संध्याकाळी या हौशी मंडळाचं पडद्यामागचं सगळं बघायची. उजेडात मात्र रंगमंचावर पाऊल टाकायची नाही. एकदा भर प्रयोगात दातखीळ बसली, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

सोफ्याचं दुसरं टोक धरणारा हा कोण, ते तिला विंगेत आल्यावर कळलं. दिग्दर्शिका ताईंचा धाकटा भाऊ. सोफा त्यांच्याच घरचा.

"आईने बजावलंय," तो कुजबुजला, "ओरखडा आला तर घरी यायचं नाही. म्हणून राखणीला आलोय."

"आणि आलाच तर राहणार कुठे?"

"सोफ्यावरच. तुम्ही अधूनमधून चौकशीला या."

तिने ओढणीत हसू दाबलं.

दर काळोखात दोघं सोफा उचलायची. जागा कळावी म्हणून जमिनीवर लावलेल्या चमकत्या पट्ट्यांवर ती सोफ्याचे पाय टेकवून घ्यायची. तिसऱ्या वेळी त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि तिथेच राहिली. तिनेही हात काढला नाही.

पण मन काही थाऱ्यावर येईना. शेवटची एकांकिका संपली की सोफा टेम्पोत चढणार, त्याच्याबरोबर हाही जाणार. मंडळात तर तो नव्हता, मग पुन्हा येईल कशाला? त्याला विचारावं असं फार वाटत होतं, पण जीभ उचलत नव्हती.

या विचारात शेवटच्या काळोखात सोफा उलटा ठेवला गेला, प्रेक्षकांकडे पाठ करून. घाईघाईने फिरवायला घेतला, तेवढ्यात दिवे लागले.

सगळं सभागृह बघत होतं. त्याने तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "बाईसाहेब, सोफा आणला. आता मी जाऊ?"

"जाऊ नका," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग भानावर येत तिने जोडलं, "अजून... सरळ करायचाय."

लोक खळखळून हसले. सोफा कर्रकन फिरला आणि दोघं विंगेत पळाली.

"ते 'जाऊ नका' नाटकातलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"ताईचं नाटक मी वाचलंय."

ती खाली बघत म्हणाली, "नव्हतं नाटकातलं."

प्रयोग संपल्यावर टेम्पोपाशी तिने वाकून पाहिलं. सोफ्याच्या मागच्या पायावर चांगला लांब ओरखडा उमटला होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आईंना मी येऊन सांगते."

तो त्या ओरखड्याकडे फार मायेने बघत होता. "आई एका भेटीत माफ करणाऱ्यातली नाही. बऱ्याचदा यावं लागेल."

"येईन की," ती म्हणाली आणि तिने आपलं टोक उचललं.