खेचरीची कॉलर

पटलं नाही तर सोडून द्या. मी कुणाशी वाद घालणार नाही. पण यातलं एक अक्षर खोटं नाही.

अलाबामातलं पेरीबरो गाव. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. रात्र नव्हती, अंधार नव्हता. दुपारचे अडीच वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि अठरा हजार माणसं बघत होती.

तरीही ते घडलं.

मी त्या गावात एकोणीस वर्षं काढली. अर्नेस्टीन टॉलिव्हर माझी शेजारीण. तिनं मला हे एकदाच सांगितलं आणि सांगता सांगता दोनदा उठून चूळ भरून आली.

कॉलेजचं नाव मी घेणार नाही.

अर्नेस्टीन तिथल्या फुटबॉल संघाचं सामान सांभाळायची. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर तुटून पडायचा. जर्सी धुवायच्या, पॅड वाळवायचे, हेल्मेटं पुसायची. बावीस वर्षं हेच. ऐंशी पोरांच्या घामाच्या मोज्यांत हात घालून ती डबा खायला बसायची. तिला कशाची किळस म्हणून नव्हती.

संघाचं नाव 'म्यूल्स'. म्हणजे खेचरं. शंभर वर्षांपूर्वी मैदान बनवताना डॉली नावाच्या खेचरीनं दगडी रूळ ओढला होता, तिच्या आठवणीचं नाव. तिच्या गळ्यातली कॉलर अजून जपून ठेवली होती. कातड्याचं जाडजूड कडं, आत पेंढा भरलेला.

घरचा सामना असला की खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी दोन धिप्पाड माजी खेळाडू ती कॉलर धरून उभे राहायचे. अख्खं स्टेडियम चिडीचूप.

ढोलाचा एक ठोका. एक खेळाडू.

हेल्मेट काखेत धरायचं, कॉलरमध्ये मान घालायची, आतल्या कातड्याला ओठ टेकवायचे, मान काढून मैदानात धावायचं. पुन्हा ठोका. पुढचा खेळाडू. शेवटचा बाहेर आला की जो कल्ला उठायचा, तो पार हायवेपर्यंत ऐकू जायचा. म्हातारी माणसं रडायची.

दर शुक्रवारी ती कॉलर पुसायचं काम अर्नेस्टीनचं.

त्या वर्षी सप्टेंबरात तिच्या लक्षात आलं...

कॉलर आतून ओली होती.

आठवडाभर कोरड्या खोलीत खुंटीला टांगलेली वस्तू. तरी ओली. आणि ते पाणी नव्हतं. चिकट होतं. कोमट होतं. पांढऱ्या फडक्यावर पिवळा डाग उमटला. तिनं फडकं नाकाशी नेलं आणि लगेच फेकून दिलं. उन्हात विसरलेल्या मांसासारखा वास.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. या वेळी फडक्याला केस चिकटून आले. आखूड, कुरळे...

खेचराचे नव्हते.

मग पोरांच्या मानेवर चट्टे उठायला लागले. आधी लाल. मग सोललेले. मग त्यातून पाणी यायला लागलं. जर्सीच्या गळ्याशी पिवळी कडा वाळून कडक व्हायची, ती अर्नेस्टीनला नखानं खरवडावी लागायची. डॉक्टरनं बुरशी म्हणून मलम दिलं.

ती हॅस्किल्सकडे गेली. हॅस्किल्स संघाचा मुख्य कोच.

"कोच, ती कॉलर तोंडाला लावायच्या लायकीची राहिली नाही. सडलीय ती आतून."

"मिस अर्नेस्टीन, शंभर वर्षांत कुणी मेलं का तिचा मुका घेऊन?" तो हसला. "माझ्या सासूच्या मानानं गोड वास आहे तिला!"

"पोरांच्या माना बघा एकदा."

"होमकमिंग आहे या शनिवारी. सगळे जुने विद्यार्थी येणार. कॉलर नसेल तर ते मलाच खुंटीला टांगतील. जा, जरा साबण लावा तिला."

ती साबण लावायला गेली नाही. ती क्लीओफसकाकांकडे गेली.

क्लीओफसकाका एक्याण्णव वर्षांचे. चाळीस वर्षं त्या मैदानाचं गवत त्यांनी राखलं होतं. ओसरीवर उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते.

"काका, त्या कॉलरचं काय आहे?"

काकांचे हात थांबले.

"कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "तुला काय शिकवलं? डॉलीनं मैदान केलं, हो ना?"

"हो."

"डॉली आठव्या दिवशी मेली. उन्हानं. मैदान निम्मंही झालं नव्हतं."

"मग?"

"तुरुंगातली माणसं आणली होती कामाला. आपलीच, काळी. रस्त्यावर रिकामी उभी होती म्हणून पकडलेली. माझा बाप होता त्यात. दुसरं खेचर यायला आठवडा लागणार होता. मुकादम म्हणाला, कॉलर आहे ना? मग एकाच्या गळ्यात घाला."

"कुणाच्या?" अर्नेस्टीननं विचारलं.

"कोल्बर्ट नाव त्याचं. तीन दिवस ओढला त्यानं रूळ. चौथ्या दिवशी आता बोगदा आहे ना, तिथं पडला. कॉलर काढायला गेले..." काकांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मानेचं कातडं कॉलरीबरोबर आलं. बापानं पुढं आयुष्यभर गळ्याला बटण लावलं नाही. तीच कॉलर धुऊन कॉलेजात टांगली. आणि तुम्ही पोरांना तिचा मुका घ्यायला लावता."

अर्नेस्टीन ओसरीवरून खाली उतरली आणि कुंपणाशी जाऊन ओकली.

त्या पोरांत टेव्हिनही होता. तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, तिनंच वाढवलेला. एकोणीस वर्षांचा. होमकमिंगला सगळ्यात शेवटी बाहेर यायचा मान त्याला मिळाला होता.

शनिवारी सकाळी तिनं त्याला सगळं सांगितलं.

"मावशी, आज सांगतेस हे?"

"मान घालू नकोस, बाळा. बाजूनं पळत जा."

"बाजूनं? अठरा हजार माणसांसमोर? उद्यापासून मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"तुझी मान महत्त्वाची की तोंड?"

तो हसला. "नुसतं घालतो आणि काढतो. ओठ नाही लावणार. झालं समाधान?"

तिचं समाधान झालं नाही. पण ती त्याला अडवू शकली नाही. हे ती मला सांगताना पुन्हा उठली होती.

अडीच वाजता ती बोगद्यातच उभी होती, भिंतीला टेकून.

स्टेडियम गप्प झालं.

ठोका. एक पोरगा गेला. ठोका. दुसरा. प्रत्येक जण मान घालताना नाक मुरडत होता, ते तिला मागूनही कळत होतं. एरवी तिथं माशा नसायच्या. त्या दिवशी कॉलरभोवती माशा होत्या.

त्र्याऐंशी ठोके झाले.

टेव्हिन पुढं झाला. मान घातली.

आणि ढोल...

वाजलाच नाही.

ढोलवाल्यानं हात मारला होता. तिनं काठी खाली येताना पाहिली. आवाज आला नाही. माशांचीही घुंघुं थांबली.

टेव्हिननं मान काढली नाही.

त्याचं हेल्मेट खाली पडलं. तो पुढं वाकला. पाय रोवले आणि ओढायला लागला. एक पाऊल. मग दुसरं. कॉलर धरलेले दोघे धिप्पाड गडी त्याच्याबरोबर फरपटत निघाले. मग त्यांच्या हातातून ती सुटली. सुटली तरी टेव्हिन वाकलेलाच. मागं काहीतरी अवजड असल्यासारखा.

मागं काहीच नव्हतं.

पण त्याच्या मागं गवत दबत चाललं होतं. हातभर नाही, चांगला पुरुषभर रुंद पट्टा... सपाट, ओला, काळपट.

आणि लोक हसले.

त्यांना वाटलं, हा होमकमिंगचा नवा खेळ आहे. एक जण उठून ओरडला, "ओढ रे, खेचरा, ओढ!" मग सगळेच ओरडायला लागले. अठरा हजार माणसं टाळ्यांचा ठेका धरून. "ओढ! ओढ! ओढ!" बायकांनी पोरांना खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून.

टेव्हिनच्या जर्सीवर मानेपासून लाल उतरत होतं. तेही त्यांना संघाच्या रंगाचंच वाटलं असावं.

अर्नेस्टीन धावली. गुडघे दुखत होते, तशीच धावली. त्याच्यासमोर जाऊन दोन्ही हातांनी कॉलर धरली. आतून ती गरम होती, अंगासारखी. टेव्हिनचे डोळे उघडे होते, पण तो तिला ओळखत नव्हता.

"कोल्बर्ट," ती म्हणाली. "बास झालं. झालं मैदान. किती ओढशील? सोड आता."

ती सांगते, तेवढ्यात कॉलरच्या आतून कुणीतरी श्वास सोडला.

मग तिनं ओढली. ओल्या कापडाला चिकटलेलं कापड सोलावं, तसा आवाज झाला. कॉलर सुटली. टेव्हिन तिच्या अंगावर कोसळला.

प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

टेव्हिन वाचला. मांडीचं कातडं काढून मानेवर लावलं. त्यानं खेळ सोडला, आता मोबील शहरात बोटींच्या कारखान्यात असतो. अर्नेस्टीननं त्याच संध्याकाळी किल्ल्या हॅस्किल्सच्या टेबलावर ठेवल्या. कॉलर जाळा म्हणून सांगितलं. क्लीओफसकाकांनी सांगितलेलं सगळं लिहून कॉलेजलाही दिलं. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं.

कॉलर जाळली नाही.

उलट लोकांनी मागणी केली. तो ओढायचा खेळ काय मस्त झाला होता, पुन्हा करा! आता दर होमकमिंगला शेवटचा खेळाडू कॉलर घालून मैदानाच्या मध्यापर्यंत ओढत जातो. वाकून, पाय रोवून, नाटक करत. लोक ठेका धरतात. दुकानात त्याचे टी-शर्ट मिळतात.

गेल्या वर्षी मी गेलो होतो. अर्नेस्टीनला सांगितलं नाही.

सामना संपल्यावर गाड्यांपाशी त्या दिवशी ओढणारा पोरगा भेटला. व्हिटली नाव. अठरा-एकोणीस वर्षांचा, गोरापान, हसरा.

"छान केलंस," मी म्हणालो. "जड वाटतं का काही?"

"काहीच नाही हो, काका. दोन बोटांनी उचलते ती कॉलर."

मग तो जरा थांबला. आजूबाजूला पाहून घेतलं.

"तुम्ही पुढच्या रांगेत होतात ना? मग माझ्या मागं चालणारा तो माणूस कोण होता?"

त्याच्या मागं कुणी नव्हतं. मी पूर्ण वेळ बघत होतो.

"का रे? काही बोलला का?"

पोरगा हसायला गेला. हसू आलं नाही.

"दात बघू म्हणाला. मग माझ्या दंडाला चिमटा काढून कुणाला तरी ओरडून सांगितलं... हा आधीच्यापेक्षा दमदार आहे, याला सोडू नका."

येत्या शनिवारी पेरीबरोत यंदाचं होमकमिंग आहे. शेवटी कॉलर घालून पुन्हा व्हिटलीच येणार आहे.

तिकिटं कधीच संपलीत.