तीनशे अक्षरांतलं खोरं

बारा मैल लांबीचं एक खोरं, त्यातली चाळीस हजार झाडं, एक वळणावळणाची नदी आणि एक लंगडी शेळी, एवढं सगळं तीनशे अक्षरांत बसवायचं होतं. तेही शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. मृण्मयीने सकाळपासून तीन कागद खरडून फाडले होते आणि चौथ्यावर नुसतीच शेळी काढून ठेवली होती.

हे खोरं खरं नव्हतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही नकाशात शोधत बसाल. ‘धुक्याचं खोरं’ हा एक रोल-प्लेइंग गेम होता (आपण एखादं पात्र व्हायचं आणि त्याच्या भूमिकेत शिरून खेळायचं, असा व्हिडिओ गेम). मृण्मयी आणि तिचा हेमूमामा तो तीन वर्षं मिळून खेळत होते. एरवी इंजेक्शनची सुई पाहिली तरी मृण्मयीला घेरी यायची, पण खोऱ्यात ती वैद्य होती. पाला वाटायची, जखमा बांधायची, अस्वलाने ओरबाडलेल्या माणसालाही बघून डगमगायची नाही. आणि गंमत म्हणजे, मागच्या वर्षी शेजारच्या मुलाचा गुडघा फुटला तेव्हा पट्टी तिनेच बांधली. डोळे अर्धवट मिटून बांधली, पण बांधली! मामा खोऱ्यात नावाडी होता आणि तिला ‘वैद्यबुवा’ म्हणायचा.

सहा महिन्यांपूर्वी मामा चंद्रावर गेला. तो शास्त्रज्ञ वगैरे नव्हता हं. तिथल्या वस्तीतल्या पाण्याच्या नळांची देखभाल त्याच्याकडे होती. शास्त्रज्ञांनाही प्यायला पाणी लागतंच. घरच्यांना त्याला आठवड्यातून एक निरोप पाठवता यायचा, मोजून तीनशे अक्षरांचा. तिथली मोठी अँटेना संशोधनासाठी राखलेली होती आणि घरगुती गप्पांसाठी होती एक चिमुकली.

या आठवड्यात मामाचा निरोप आला, तो असा: “वैद्यबुवा, माझा टॅब बिघडला. दुरुस्त झाला, गेमही पुन्हा टाकला, पण आपलं खोरं पुसलं गेलं. नवीन खेळ सुरू केला तर डोंगर वेगळे, नदी वेगळी. परक्या गावात उतरल्यासारखं वाटतं. करमत नाही. सोमवारी आम्ही चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार. तिथून पृथ्वी दिसत नाही. दोन महिने निरोप बंद.”

म्हणजे हा शनिवार गेला की संपलं. मृण्मयीच्या टॅबवर खोरं होतं, पण ते चार गिगाबाइटचं. चिमुकल्या अँटेनाने ते पाठवायला कित्येक वर्षं लागली असती.

“शाळेचं काही चाललंय का?” दारातून आबांनी विचारलं.

आबा म्हणजे मामाचे वडील, मृण्मयीच्या आईचेही. तीस वर्षं त्यांनी हवामानाची गणितं केली होती आणि ढगांशी जितकं जमलं तितकं माणसांशी जमलं नाही, असं आई गमतीने म्हणायची. गेम म्हणजे त्यांच्या लेखी रिकामटेकडे उद्योग. मामा दहावीत असताना आबांनी त्याचा गेम कपाटात घालून कुलूप लावलं होतं. हा किस्सा घरात अजून चवीने सांगितला जातो. आबा मात्र तेव्हा उठून गॅलरीत जातात.

“शाळेचं नाही, गेमचं आहे,” मृण्मयी म्हणाली. आता ते निघून जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने मामाचा निरोप त्यांच्यापुढे धरला.

आबांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. “करमत नाही म्हणतोय,” ते हळूच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. “दाखव बघू तुझं ते खोरं.”

आबा खोऱ्यात शिरले आणि सरळ दुकानदाराशी गप्पा मारायला लागले. त्या बिचाऱ्याला तीनच वाक्यं येत होती. “या पाहुणे. आज धुकं फार आहे. दोरी हवी का?” आबांनी पावसाचं विचारलं तरी दोरी, पीकपाण्याचं विचारलं तरी दोरी.

“अहो, मी विचारतोय काय आणि तुम्ही सांगताय काय?” आबा चिडून म्हणाले आणि मृण्मयी दिवसभरात पहिल्यांदा हसली.

मग आबा जंगलात थांबले. “ही झाडं कुणी काढली गं? चाळीस हजार म्हणतेस. कुणी बसून एकेक काढलं असेल?”

“मला वाटत नाही. नवीन खेळ सुरू केला की दरवेळी नवीन जंगल येतं.”

“मग काढत नसणार. पिकवत असणार.” आबांचे डोळे चमकले. “आण दोन कागद. दोघांनी नऊ-नऊ चौकोन आखायचे. तू इथे बस, मी स्वयंपाकघरात बसतो. बघाबघी करायची नाही.”

त्यांनी नियम सांगितला. कुठल्यातरी आकड्यापासून सुरुवात करायची. त्याला एकवीसने गुणायचं, सतरा मिळवायचे आणि उत्तराचे शेवटचे दोन अंक ठेवायचे. त्यांतला पहिला अंक शून्य ते तीन असेल तर चौकोनात गवत काढायचं. चार ते सहा असेल तर झाड, सात किंवा आठ असेल तर पाणी, नऊ असेल तर डोंगर. आलेल्या दोन अंकांवर पुन्हा तोच नियम लावला की पुढचा चौकोन.

“सुरुवात छत्तीसपासून,” म्हणत आबा आत गेले.

मृण्मयीने गुणाकार केला. ३६ गुणिले २१ म्हणजे ७५६, अधिक १७ म्हणजे ७७३. शेवटचे दोन अंक ७३. पहिला सात, म्हणून पाणी! तिने छोटंसं तळं काढलं. मग ७३ला नियम लावला तर ५० आले. झाड. मग ६७, आणखी एक झाड. मग २४ आणि २१, गवतच गवत. असे नऊ चौकोन भरले.

आबांनी आपला कागद शेजारी ठेवला. दोन्ही कागदांवर तळं त्याच कोपऱ्यात होतं आणि झाडंही त्याच चौकोनांत. आबांची झाडं जरा उभट होती, एवढाच फरक.

“मला तुझा नकाशा दाखवला होतास का?”

“नाही.”

“मग तुझं तळं माझ्या स्वयंपाकघरात कसं आलं?”

मृण्मयीने दोन्ही कागदांवरच्या तळ्यांवर बोट ठेवलं. “कारण नियम एकच होता. आणि सुरुवातीचा आकडाही.”

“शाब्बास! हे आकडे दिसायला वेडेवाकडे, फासे टाकल्यासारखे. पण ते ठरलेले असतात. त्यांना छद्म-यादृच्छिक आकडे म्हणतात (कसेही आल्यासारखे वाटणारे, पण खरं तर नियमाने येणारे). आता छत्तीसऐवजी सदतीस घेऊन बघ.”

तिने घेतले. पहिल्याच चौकोनात डोंगर, दुसऱ्यात डोंगर, तिसऱ्यात गवत. तळं त्या कोपऱ्यातून गायब! एका अंकाच्या फरकाने अख्खा मुलूख बदलला.

“थालीपीठ चंद्रावर पाठवता येत नाही,” आबा म्हणाले, “पण कृती पाठवता येते. इथे तर कृतीही पाठवायला नको, कारण गेमचा नियम मामाच्या टॅबवर आहेच. त्याच्याकडे नाही तो फक्त सुरुवातीचा आकडा. त्याला बीजांक म्हणतात (ज्या एका आकड्यातून पुढचे सगळे निघतात तो). आवृत्ती तीच आहे ना पण? नियम बदलला असला तर आकड्याचा काही उपयोग नाही.”

“तीच आहे!” मृण्मयी सेटिंगमध्ये शिरली. तिथे तळाशी बारीक अक्षरांत एक आकडा होता: ४८०२१७७. तीन वर्षं तो तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, बाबा रे, तू कोण?

आबांच्या टॅबवर गेम टाकून त्यांनी करून पाहिलं. नवीन खेळ सुरू केला, आकडा भरला. धुकं हललं, आणि समोर तोच तीन शेंड्यांचा डोंगर! तेच नदीचं वळण, तोच वाकडा उंबर. मृण्मयी खुर्चीवरून उडालीच. सात अंकांत अख्खं खोरं! खोऱ्यात ती धावत नदीच्या घाटाकडे गेली, जिथे तिने आणि मामाने आपलं बस्तान मांडलं होतं.

घाटावर पूल नव्हता. झोपडी नव्हती. शेळी नव्हती, आणि त्यांनी खांबाला टांगलेला दिवाही नव्हता. नदी आपली वाहत होती, इथे कधी कुणी आलंच नसल्यासारखी.

“हे आमचं नाहीये,” मृण्मयी म्हणाली. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

“जमीन तुमचीच आहे,” आबा म्हणाले. “पण पूल तुम्ही बांधलात, हे त्या आकड्याला कुठून कळणार? नियमातून निघालं ते आकड्यात आहे. तुम्ही दोघांनी जे केलं ते त्याबाहेरचं. ते वेगळं सांगावं लागतं.”

“म्हणजे आकडा आणि आम्ही केलेले बदल. मामा तेवढे बदल पुन्हा करेल!” तिने डोळे पुसले. “पण तीन वर्षांचे बदल आहेत, आबा.”

“मग निवड.”

पावणेपाच वाजले होते. मृण्मयीने लिहायला घेतलं. आधी एकेचाळिसावी पातळी, सोनं, निळी तलवार. अक्षरं मोजली आणि तिने तलवार खोडली. तलवार काय, मिळेल दुसरी. सोनं खोडलं, पातळीही खोडली. शेवटी उरलं त्यात सुरुवातीला बीजांक आणि तो कुठे, कसा भरायचा ते, आणि मग हे: पूल वळणावर, उंबराच्या बाजूला. झोपडीचं दार पूर्वेला. दिवा घाटाच्या खांबावर, अंधार पडला की लावायचा. शेळी तीन शेंड्यांच्या डोंगरामागे लंगडत असेल, तिला आण, पाय बांध, नाव माणकी.

सहाला दहा कमी होते. तिने पुन्हा मोजलं. “आबा, बसलं! वीस अक्षरं उरलीसुद्धा.”

आबा खाकरले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ती वीस मला देतेस?”

त्यांनी सांगितलं आणि तिने टाईप केलं: “ओटा बांध. आबा येतील बसायला.”

निरोप गेला.

पुढचे दोन महिने मृण्मयी रोज अंधार पडला की घाटावरचा दिवा लावायची. पलीकडे तो लागतो की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. शेजारी आबा बसायचे आणि “त्या दुकानदाराला चौथं वाक्य कधी येणार?” म्हणून विचारायचे.

एकसष्टाव्या दिवशी निरोप आला. मृण्मयीने तो मोठ्याने वाचला.

“वैद्यबुवा, आकडा भरला आणि आपलं गाव लागलं. पूल बांधला, दिवा रोज लावतो. माणकी सापडली, पाय बांधताना लाथ मारली. ओटा नदीकडे तोंड करून बांधलाय. चष्मा लावलेला एक म्हातारा गावकरी बनवून त्यावर बसवलाय. काम संपलं की त्याच्याशेजारी जाऊन बसतो. त्याला तीनच वाक्यं येतात. आबांपेक्षा दोन जास्त.”

आबा उठले. मृण्मयीला वाटलं, चालले गॅलरीत. पण ते नुसते खिडकीपर्यंत गेले आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. तिथूनच म्हणाले, “गाढव आहे.” आवाज मात्र ओला होता.

“आबा, माणसं उद्या मंगळावर राहायला गेली, त्याच्याही पुढे गेली, तरी त्यांना आपलं गाव नेता येईल ना? एक आकडा आणि थोडी यादी?”

“येईल की. यादी कुणीतरी नीट लिहायला हवी, एवढंच.” आबा परत आले आणि खुर्ची तिच्या खुर्चीला लावून बसले. “कागद घे. या वेळी तीनशेतली दीडशे माझी. त्याला सांगायच्या बऱ्याच गोष्टी राहिल्यात.”