मंगळावरच्या मधमाशीचा दुभाष्या

मंगळावर भोपळ्याचा एकच वेल होता. त्यावर नरफुलं ढीगभर, पण फळ धरेल असं मादीफूल एकच. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजून या. ते फूल आज उमललं होतं आणि दहाला मिटणार होतं. वेलाच्या घुमटात श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, म्हणून परागकण वाहून न्यायचं काम भिरी नावाच्या यंत्रमाशीकडे होतं. आणि भिरी सकाळपासून ढिम्म बसली होती.

"काल तर उडत होती, तात्या!" अकरा वर्षांची शर्वाणी रडकुंडीला आली. भिरीचा प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता.

"धूळ गेली असेल," वसाहतीचे संगणक सांभाळणारे तात्याआजोबा म्हणाले. "एकदा माझ्या चहात एवढी धूळ पडली, की कपात चक्रीवादळ..."

"थापा नंतर! पडद्यावर बघा. 'रनटाइम सापडला नाही.'"

तात्यांनी चष्मा चढवला. "हं. तू प्रोग्रॅम लिहितेस एका भाषेत, भिरीच्या मेंदूला ती कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो. तोच रनटाइम (प्रोग्रॅम चालताना त्यातल्या आज्ञा यंत्राला समजावणारी व्यवस्था)."

"तो कार्यप्रणालीतच (यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली) असायचा ना?"

"असायचा. मंगल कार्यालयात पूर्वी आचाऱ्याला पातेली तिथलीच मिळायची. पण ती बनवलेली बाहेरच्यांनी. गळकं निघालं की बोलणी कार्यालयाला. शेवटी पाटी लागली, आपापली भांडी आणा. इथंही तेच. दुभाष्या दुसऱ्यांचा. ते त्याच्या चुका दुरुस्त करणार, कार्यप्रणालीतली प्रत मात्र शिळी, आणि शिळ्या प्रतीतून चोर शिरणार. म्हणून कार्यप्रणालीवाल्यांनी कालच्या अपडेटमध्ये तो काढला."

"न सांगता?"

तात्या खाकरले. "तीनदा सूचना आली होती. मी 'नंतर बघू' दाबलं."

शर्वाणीनं कळफलक स्वतःकडे ओढला. कपातलं चक्रीवादळ तिथंच शमलं.

दुभाष्याचे कर्ते पृथ्वीवर. साडेनऊला मागणी निघाली. चौदा मिनिटं जायला, चौदा यायला. फुलाच्या कडा आत वळू लागल्या. नऊ अठ्ठावन्नला दुभाष्या पोचला. शर्वाणीनं तो कार्यप्रणालीत न ठेवता भिरीच्या प्रोग्रॅमसोबतच बांधून दिला.

"म्हणजे पातेली आचाऱ्याच्याच टेम्पोत," तात्या म्हणाले. "पण आता घासायचीही आपणच. नवी प्रत आली की लगेच बदलायची."

भिरी उडाली. नरफुलात लोळली आणि मिटत्या पाकळ्यांमधून अंग चोरून आत शिरली.

भोपळा धरला. त्यात तीन माणसं राहायला गेली, असं तात्या सांगतात. मी मोजायला गेलो नाही. बिया मात्र खऱ्या. पुढल्या वर्षी सहा घुमटांत वेल चढतील आणि सहाही माश्या आपापला दुभाष्या घेऊन उडतील. सूचना आता शर्वाणीकडे येतात. तात्यांच्या पडद्यावरचं 'नंतर बघू' तिनं काढून टाकलंय.