न्हाणीघरातला नळ

बसा, अगदी दिव्याजवळ बसलात तरी चालेल. गोष्ट फार भीतीची नाही. निदान मला तरी तसं वाटायचं.

मामांच्या हाताखाली मी बंद घरं सांभाळतो. मालक परगावी असतात. मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडतो, सगळे नळ थोडे वाहू देतो. नळ वापरले नाहीत, की खालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास घरभर होतो.

एका घराच्या ताईंना देखभालीचा खर्च नकोसा झाला. मामा मला म्हणाले, "हे घर गेलं तर तुझं काम संपलं. तिथूनच फोन कर आणि नीट समजावून सांग. मूग गिळून बसू नकोस."

दिवस कलला होता. दार उघडताना मी नेहमीसारखं विचारलं, "येऊ का?" मामा माझ्या या सवयीला हसतात. पण परक्या घरात न विचारता कसं शिरायचं?

आत कोंदट अंधार होता. पडदे हलत नव्हते. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि ताईंना फोन लावला.

"अरे, रिकाम्या घराची कसली देखभाल? राहतंय कोण तिथे?"

"तसं नाही ताई... खालच्यांकडे पाणी गळलं, तर जबाबदारी आपली... म्हणजे मालकाची... म्हणजे तुमचीच."

मी नळ बंद केला. तरी पाणी वाहतच होतं...

आवाज न्हाणीघरातून येत होता. तिथे मी गेलोही नव्हतो. मग दाढीच्या साबणाचा ताजा वास आला आणि कुणीतरी गुणगुणू लागलं. हळू... अगदी खुशीत.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. फोनवर ताई एकदम हसल्या.

"लबाडा, गातोस होय? आमचे बाबा अस्सेच गुणगुणत दाढी करायचे. नळ सोडून द्यायचे, आणि आई ओरडायची!"

"ताई, मी नाही... ते..."

"लाजतोस काय? देखभाल चालू राहू दे. पण असंच गुणगुणत काम कर. घराला सोबत होईल."

न्हाणीघरातला नळ थांबला. कुणीतरी तो नीट आवळून बंद केला होता.

काम टिकलं. आता मी दारातूनच विचारतो, "काका, येऊ का?" न्हाणीघरातला नळ मी सोडत नाही. तिथली फरशी आधीच ओली असते. काकांची मला सवय झाली, थोडी मायाही जडली.

काल मात्र मी आमच्या घरून मामांना फोन केला, सुट्टी मागायला.

मामा म्हणाले, "घे सुट्टी. पण आधी ते गुणगुणणं थांबव, तुझं बोलणं ऐकू येत नाही."

घरात मी एकटाच होतो. मोरीतून साबणाचा वास येत होता... आणि मला तर अजून धड दाढीही फुटलेली नाही.