टोपलीतले सहा फोन

“आमच्यात फितूर आहे, आणि ती माझीच भावजय आहे,” ताई म्हणाली. “भाऊ आज संध्याकाळी तिला माहेरी सोडतोय. कायमची.”

ताई आणि तिची भावजय मोबाइल फोन बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होत्या. खासगी तपास करणारे नाना डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे स्नेही मास्तर वहीत टिपून घेत होते.

परवा काम सुटल्यावर सहा जणी एका मैत्रिणीच्या गच्चीवर जमल्या होत्या. कारखान्यातल्या वाफेनं डोकं धरतं, त्याची तक्रार लिहायची होती. काल सहा जणींना लांबच्या कारखान्यात बदलीची पत्रं मिळाली. पाच गच्चीवरच्याच होत्या. सहावी पॅकिंगवाली, ती तर तिथं आलीच नव्हती. भावजय आली होती, पण तिला पत्र नाही.

“फोनमधून कुणी ऐकलं असेल,” मास्तर म्हणाले.

“कसं ऐकणार? फाटकावर रोज फोन जमा करतो ना, त्याच सवयीनं सगळे टोपलीत घालून जिन्याखाली ठेवले होते.”

फोन कंपनीनंच भेट दिलेले, सगळे एकसारखे. फाटकावरचा रखवालदार फोनच्या पाठीवरचा नंबर बघून ते परत करी. परवा तो रजेवर होता, म्हणून ज्याचा त्यानं उचलला.

नाना आधी भावजयीला भेटले. ती भरलेल्या पिशवीशेजारी बसली होती. परवा उशीर होणार म्हणून घरी कळवायला गेले तर फोन बोटच ओळखेना, असं ती म्हणाली. फोनच्या तारा जोडायला डाख देऊन देऊन बोटांची कातडी गेलेली, तेव्हा तिला नवल वाटलं नव्हतं. कालपासून फोन ठीक होता. मास्तरांनी वहीत ‘सबब’ असं लिहिलं.

पॅकिंगवाली वैतागली होती. परवा ती घरीच होती, आणि तिचाही फोन उघडत नव्हता.

“त्यात कुणाच्या तरी नवऱ्याचा त्यावर फोन आला, मीठ कुठंय म्हणून विचारत होता. म्हटलं, वरच्या फळीवर बघा. सापडलं म्हणे.”

मास्तर हसले. नाना हसले नाहीत.

संध्याकाळी ताईच्या घरी भाऊ चपला घालून उभा होता. नानांनी त्याला विचारलं, “परवा मीठ कुठं सापडलं?”

“वरच्या फळीवर. हिनंच सांगितलं फोनवर.”

“फोनवर ही नव्हती. पॅकिंगवाली होती.”

मग नानांनी सावकाश उलगडा केला. परवा फाटकावर दोघींचे फोन बदलले. भावजयीचा पॅकिंगवालीच्या घरी गेला, पॅकिंगवालीचा गच्चीवर आला. काल रखवालदारानं नंबर बघून दिले आणि चूक कुणाला न कळता मिटली.

“गच्चीवर बसलेल्या माणसानं चुगली केली असती, तर न आलेल्या बाईचं नाव कशाला घेतलं असतं? ही चूक फोनच करू शकतो. कोण कुठं आहे ते तो बनवणाऱ्याला गुपचूप कळवत राहतो. बोलणं ऐकायची गरजच नव्हती. सहा फोन एका टोपलीत, एवढं पुरलं.”

“पण आम्ही परवानगी कधी दिली?” ताईनं विचारलं.

“पहिल्याच दिवशी. त्या लांबलचक अटी न वाचता ‘मान्य’वर बोट टेकवलंत तेव्हा.”

मास्तरांनी वहीतली ‘सबब’ खोडली.

भावजय इतका वेळ दारात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, बायकोचा आवाज ओळखता आला नाही तुम्हाला. फितुरी बरी ओळखलीत.”

भाऊ चपलांकडे बघत राहिला. ताईनं भावजयीच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन रिकामी करू लागली.